लॅटिना मुली, कॉलेज आणि आपण: सेमिनारसाठी मदत हवीय (सत्तरी, पेडणे, काणकोणवाल्यांनी जरूर लिहा)

सत्तरीची_पोर

नमस्कार मंडळी. एम.ए. सोशिऑलॉजी करतेय. सेमिनारसाठी विषय घेतलाय अमेरिकेतल्या लॅटिना मुली, म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा, ग्वाटेमाला वगैरे मुळाच्या घरांतल्या, त्या कॉलेजपर्यंत कशा पोचतात आणि पोचल्यावर तिथे त्यांना आपलं वाटतं का. खरं सांगायचं तर यादीत शेवटी हाच उरला होता. पण वाचायला बसले आणि दर दोन पानांनी मला आमच्या गोव्यातली वाळपईची बस दिसायला लागली.

म्हणजे बघा ना, घरातून कॉलेजात गेलेली ही पहिलीच. आईवडिलांना शिक्षणाचं भारी कौतुक, "तू शीक, आमच्यासारखं नको" हे उठताबसता, पण फॉर्म कुठला, शेवटची तारीख कधी, मेजर म्हणजे मुख्य विषय कुठला घ्यावा हे त्यांना विचारून उपयोग नाही, उलट घरातले सगळे कागद हीच वाचणार. तिकडे मुली आईबरोबर दुभाषी म्हणून डॉक्टरकडे जातात, बँकेत जातात. इकडे मी शाळेत असल्यापासून गृह आधारचे (गृहिणींच्या सरकारी मदतीचे), गॅसचे, पंचायतीचे फॉर्म भरतेय, आमचेच नव्हे तर अख्ख्या वाड्याचे. आणि मग तेच, शीक पण लांब नको, काळोख पडायच्या आत घरी ये, चवथीला (म्हणजे गणपतीला) आणि जात्रेला दिसली नाहीस तर लोक विचारतील.

माझं थोडक्यात सांगते. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, २०१२ ला खाणी बंद, मग जरा सुरू झाल्या आणि २०१८ ला परत बंद, तेव्हा मी दहावीला होते. चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून एकदम इंग्रजी, हे इथल्या बऱ्याच जणांचं असेल. डिग्रीला पणजीत आले (कॉलेजचं नाव नको) तर वर्गात अर्ध्या मुली एकाच हायर सेकंडरीतून आलेल्या, एकमेकींना केजीपासून ओळखणाऱ्या. तू कुठली? वाळपई. "ओ गॉड, सो फार!" बस, ओळख संपली. वाईट कुणीच नव्हतं हां, पण फेस्टची प्रॅक्टिस संध्याकाळी सहानंतर, कौन्सिलची मीटिंग संध्याकाळी, ग्रुप असाइनमेंटला कुणाच्या तरी मिरामारच्या फ्लॅटवर जमायचं, आणि मी बस स्टँडवर. मार्क चांगले पडले, पण तिन्ही वर्षं पाहुण्यासारखी राहिले.

आता गाइड विचारतात की लॅटिना मुलींचं वाचून गोव्यातल्या वाचकाला काय मिळणार, तुलना करायचीच असेल तर ती टिकली पाहिजे. टिकते का? आणि तिकडे काय केल्याने फरक पडला हे कुणाला जवळून माहीत आहे का? स्वतःचे अनुभवही लिहा प्लीज, पेपरमध्ये नाव येणार नाही.

ह्यूस्टनवाली

गे बाय, मस्त विषय मिळालाय तुला, शेवटी उरला असला तरी. मी मूळ म्हापशाची, लग्नानंतर इकडे आले आणि आता टेक्ससमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं, कमी फीचं सरकारी कॉलेज) विद्यार्थ्यांना कोर्स, फी, ट्रान्सफर याबद्दल सल्ला देणाऱ्या ऑफिसात काम करते, त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि काउंटरवरचं जास्त सांगेन.

काउंटरवर कोण येतं? मुलगी, तिची आई, आणि कडेवर किंवा मोबाइलवर धाकटा भाऊ. आई स्पॅनिशमध्ये विचारते, मुलगी इंग्रजीत सांगते, मी इंग्रजीत उत्तर देते, मुलगी परत आईला सांगते आणि सांगताना फीचा आकडा मुद्दाम जरा हळू आवाजात सांगते. अठरा वर्षांची पोर, पण पूर्ण घराचा हिशोब तिच्या डोक्यात.

पहिला डोंगर म्हणजे फाफ्सा, सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म. त्यावरच पेल ग्रँट मिळते, जी फेडायची नसते. त्यात आईवडिलांच्या टॅक्सची माहिती लागते. आता ज्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबरच (सरकारी ओळख क्रमांक) नाही अशा आईवडिलांचं काय? २०२४-२५ साठी नवा फॉर्म आला तेव्हा अशा घरांतल्या मुलांचा, मुलं स्वतः अमेरिकन नागरिक असूनही, फॉर्म ऑनलाइन पुढेच जाईना, असं बरेच दिवस चाललं होतं. आणि फॉर्म चालू झाला तरी आईवडिलांचं नाव सरकारला कळवायची भीती वेगळीच. मुलीकडेच देशात राहण्याचे कागद नसतील तर केंद्राची मदत शून्य, २०१२ मध्ये आलेलं डाका, म्हणजे लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरती सूट, असलं तरीसुद्धा. टेक्ससने २००१ मध्ये अशा मुलांना राज्यातल्या रहिवाशांच्या फीत शिकू द्यायचा कायदा केला होता, देशात पहिला, तो जून २०२५ मध्ये केंद्राने कोर्टात जाऊन बंद पाडला. एका दिवसात फीचा आकडा बदलला, काही मुली सेमच्या मध्येच होत्या.

दुसरं, लांब नको हे. इथे १९९७ पासून कायदा आहे की प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या दहा टक्क्यांतल्या मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीत थेट प्रवेश (ऑस्टिनच्या मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीने नंतर टक्का आणखी खाली आणलाय). म्हणजे मेक्सिकोच्या सीमेवरच्या रिओ ग्रांदे व्हॅलीतली टॉपरही कायद्याने ऑस्टिनला जाऊ शकते. पण ऑस्टिन पाच तास लांब, आणि घरात आजीला बघायला कोण? मग बऱ्याच जणी घराजवळच राहतात. त्यांच्यासाठी तिथल्याच दोन युनिव्हर्सिट्या एकत्र करून २०१५ मध्ये मोठी युनिव्हर्सिटी उघडली, तिथे दहातली नऊ मुलं हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाची. लोक म्हणतात या मुलींनी संधी सोडली. मला नाही तसं वाटत. रोज रात्री घरी जेवून सकाळी लॅबमध्ये जाणं यात काय कमीपणा आहे?

काय चाललं विचारतेस तर पुएन्ते नावाचा प्रोग्रॅम बघ, १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हेवर्डच्या शाबो कम्युनिटी कॉलेजात सुरू झाला. इंग्रजी लेखनाचा वर्ग, त्याच वर्गाला नेमून दिलेला एक समुपदेशक, आणि त्याच समाजातला शिकून नोकरीला लागलेला एक मेंटॉर, या तिन्ही गोष्टी एकत्र. लेखनाला विषय मुलांच्या घरचे. यात मला आवडतं ते हे की मुलीने जाऊन मदत मागायची वाट बघत नाहीत, मदतच वर्गात येऊन बसते. कारण आमच्या ऑफिसचं दार उघडं असतं, बोर्डही लावलाय, पण ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्याच आत येत नाहीत. त्यांना वाटतं आपण विचारलं तर यांना कळेल की आपण इथल्या नाही.

पात्रांव_पेडणे

"सो फार" वाचून हसलो आणि मग नाही हसलो. माझ्या बहिणीला पण हेच. मोपाला २०२३ पासून विमानं उतरतात, पण संध्याकाळी सातनंतर आमच्या वाड्यावर बस उतरत नाही. तिने म्हापशाला दोन वर्षं काढली, तिसऱ्या वर्षी स्कूटर घेतली आणि मगच तिला मैत्रिणी मिळाल्या. ह्याच्यावर पण लिही, कॉलेजमधला आपलेपणा पेट्रोलवर चालतो.

शंकासुर_मडगाव

मी जरा विरोधात लिहितो, राग मानू नकोस.

तुलना टिकत नाही, निदान तू करतेस तशी. वाळपईची मराठी शाळेतली मुलगी पणजीत लाजली, मान्य, वाईट आहे. पण तिला कुणी हद्दपार करणार नाही. लॅटिना मुलींच्या मागे मोठा इतिहास आहे. कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांच्या शाळाच वेगळ्या होत्या, त्या बंद व्हायला १९४७ चा मेंडेझ खटला लागला. १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या हायस्कूलांतली हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली, कारण काय तर त्यांना कॉलेजच्या वाटेवर घालायचंच नाही, सुतारकाम आणि शिवणकामाकडे ढकलायचं असं चाललं होतं. आणि "लॅटिना" हा एक गठ्ठा पण नाही. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून जन्मानेच अमेरिकन नागरिक, टेक्ससमधली काही मेक्सिकन घरं तर टेक्सस अमेरिकेत यायच्या आधीपासून तिथलीच, आणि काल होंडुरासहून आलेली मुलगी वेगळी. तिघींना एका वाक्यात बसवलंस तर गाइड पहिला प्रश्न तिथेच विचारणार.

आता गोव्यात खरं बाहेरचं कोण ते बघ. तू नाहीस, मी पण नाही. वास्को, झुआरीनगरच्या बाजूला कर्नाटकातून आलेल्या मजुरांच्या मुली आहेत. जन्म इथला, काहींनी कन्नड शाळेत सुरुवात केली, कोकणी तुझ्यामाझ्यापेक्षा फास्ट बोलतात, आणि तरी त्यांना बारावीनंतर रहिवासी दाखल्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालावे लागतात आणि वर्गात "घाटी" ऐकावं लागतं. तो शब्द आपणच वापरतो, मराठी बोलणारे पण वापरतात. किंवा केपे-काणकोणच्या वेळीप, गावडा मुली बघ, त्यांना एसटी (अनुसूचित जमाती) दर्जा मिळाला २००३ मध्ये, म्हणजे त्यांच्या आयांच्या वेळी राखीव जागा हा विषयच नव्हता. घरचे कागद मुलगी भरते, कागद नसले तर घाबरते, भाषा दोन-तीन येतात पण मार्क एकाच भाषेचे, हे सगळं तिकडे आहे. तुझा पेपर तिकडे न्यायला हवा.

ह्यूस्टनवाली

@शंकासुर मुद्दा घेतला, झुआरीनगरचं तर शंभर टक्के. पण कागद असले की सगळं सुटतं असं धरून चालू नका. सोनिया सोटोमायोर घ्या, २००९ पासून सुप्रीम कोर्टात जज. आईवडील पोर्तो रिकोचे, म्हणजे नागरिकत्वाचा प्रश्नच नाही, स्वतः न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सची, वडील ती नऊ वर्षांची असताना गेले, आईने नर्सिंग करून वाढवली. १९७२ मध्ये प्रिन्स्टनला पोचली, जिथे मुलींना प्रवेशच १९६९ पासून. कागद होते, स्कॉलरशिप होती, तरी इंग्रजी लेखन कच्चं आहे हे तिथे गेल्यावर कळलं आणि सुट्टीत बसून व्याकरण आणि आधी न वाचलेली पुस्तकं भरून काढली. आणि १९७४ मध्ये पोर्तो रिकन विद्यार्थ्यांच्या संघटनेने थेट सरकारकडे तक्रार केली की युनिव्हर्सिटी आमच्या लोकांना ना शिक्षक म्हणून घेते ना पुरेसे विद्यार्थी म्हणून, त्यात ही पुढे होती. म्हणजे आधी जुळवून घ्या मग बोला, असं तिने केलं नाही, दोन्ही एकदम केलं.

रिटायर्ड_मास्तर

बाय, मी एका तालुक्याच्या सरकारी कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं. तुझ्या गाइडला उत्तर देता येईल, पण तुलना व्यक्तीची न करता संस्थेची कर. ती कशी लाजली हे बाजूला ठेव, कॉलेजने काय केलं ते विचार. मग शंकासुरांचा आक्षेप पण त्यातच बसतो, कारण झुआरीनगरची मुलगी असो, वाळपईची असो, टेक्ससच्या लारेडोची असो, प्रश्न कॉलेजला विचारायचा.

थिअरी हवी असेल तर सुरुवात विन्सेंट टिंटोपासून करावी लागेल, १९७५ पासूनचं त्याचं काम, मुलं कॉलेज मध्येच का सोडतात. पुढे त्याने असं मांडलं की विद्यार्थ्याने जुन्या माणसांपासून थोडं सुटून कॉलेजच्या जगात मिसळायला हवं. ऐकायला बरं वाटतं, पण ज्या मुलीच्या फीचे पैसे घरून येतात, बळ घरून येतं, तिने घरापासून सुटायचं म्हणजे काय करायचं? यावर लॉरा रेंडोनने १९९४ मध्ये फार चांगलं काम केलं, ती स्वतः टेक्ससमधल्या त्या लारेडोची, सीमेवरचं गाव. तिचं म्हणणं असं की अशा मुलांच्या बाबतीत शिक्षकाने किंवा कॉलेजमधल्या कुणीतरी आधी पाऊल टाकायला हवं, तुला जमतं, तुझं म्हणणं बरोबर आहे हे स्पष्ट सांगायला हवं, आणि हे पहिल्याच काही आठवड्यांत. मी अनुभवावरून सांगतो, हे खरं आहे. मागच्या बाकावरची मुलगी वर्षभर बोलत नाही, एकदा तिची वही वाचून "हे वर्गाला वाचून दाखव" म्हटलं की पुढच्या आठवड्यात ती पहिल्या बाकावर असते. प्रत्येक वेळी नाही होत, पण होतं.

मग १९९७ चा हुर्ताडो आणि कार्टर यांचा लेख बघ, लॅटिनो विद्यार्थ्यांवरच आहे. त्यात दिसलं की वर्गाबाहेर अभ्यासाबद्दल कुणाशी तरी बोलणं होणारी मुलं, आणि धार्मिक किंवा समाजाच्या मंडळांत असणारी मुलं, त्यांना कॉलेज जास्त आपलं वाटतं. म्हणजे बाहेरची नाळ तुटली नाही म्हणून आत अडचण झाली असं काही नाही. आपल्याकडे चवथीला आठवडाभर गैरहजर राहिलेल्या मुलीला प्राध्यापक टोमणा मारतात तेव्हा मला हा लेख त्यांच्या टेबलावर ठेवावासा वाटायचा. आणि २००५ चा तारा योसोचा लेख सोडू नकोस. ती म्हणते या मुलांकडे काय नाही ते मोजणं थांबवा, काय आहे ते बघा, दोन भाषांत वावरणं, घरच्यांचं बळ, अनोळखी ऑफिसातून वाट काढणं, अन्यायाला उलट उभं राहणं. तू वाड्याचे फॉर्म भरतेस म्हणालीस ना, ते तिच्या हिशोबात भांडवल आहे, ओझं म्हणून लिहू नकोस. (ओझं पण आहेच, ते तिला पण माहीत असेल.)

गोव्याचं एक लिही. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजी आणि मडगावला कॉलेजं आली, १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, त्या बहुतेक मराठी. पण शाळा वाड्यात आणि कॉलेज शहरात, मध्ये लांबचा प्रवास, तिथे मुली गळायच्या. नंतर साखळी, खांडोळा, केपे, पेडणे इथे सरकारी कॉलेजं झाली आणि वर्ग मुलींनी भरले. कारण साधं, संध्याकाळी घरी पोचता येतं. ह्यूस्टनवाल्या ताईंची सीमेवरची युनिव्हर्सिटी आणि आपलं साखळी, एकच तर्क. तोटाही एकच, वर्गात सगळी ओळखीचीच गावं, नवी माणसं भेटत नाहीत, आणि हवा तो विषय नसला की परत पणजीची बस.

कुडचड्याची_आई

मी इथे फक्त वाचते, आज लिहिते. आमच्यावर सगळे आरोप, आईवडील सोडत नाहीत, लांब पाठवत नाहीत. आम्हाला कॉलेजने कधी बोलावलं का? एकदा पालक सभा झाली ती पूर्ण इंग्रजीत, मी मागे बसले, एक कागद सही करायला दिला तो मुलीने घरी वाचून सांगितला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेय, मराठीत सांगितलं असतं कोकणीत सांगितलं असतं तर सगळं कळलं असतं मला. हॉस्टेल कसं आहे, वॉर्डन कोण, रात्री आजारी पडली तर कोण नेणार हे कुणी सांगत नाही आणि मग म्हणतात आई घाबरते. घाबरणारच.

लाडली लक्ष्मी या सरकारी योजनेचा एक लाख मिळाला तो आम्ही लग्नाला न ठेवता फी आणि लॅपटॉपला घातला, नातेवाईक अजून बोलतात. बोलू देत.

ह्यूस्टनवाली

काकी, तुमच्या पोस्टवरच एक पूर्ण पेपर होईल. इकडे आता बऱ्याच कॉलेजांत नव्या मुलांच्या ओळख-दिवशी पालकांसाठी वेगळं सत्र ठेवतात, स्पॅनिशमध्ये. दुभाषी लावून नव्हे, तीच माणसं स्पॅनिशमध्ये बोलतात, कॅम्पस फिरवतात, पोलीस, दवाखाना, हॉस्टेल सगळं दाखवतात. आमच्याकडे एका आईने पूर्ण वेळ फक्त दिवे मोजले, पार्किंगपासून लायब्ररीपर्यंत. मग म्हणाली ठीक आहे, संध्याकाळचा क्लास घेऊ दे.

आणि हो, एक सावध करते. इकडे पंचवीस टक्के हिस्पॅनिक विद्यार्थी असलेल्या कॉलेजला हिस्पॅनिक-सर्व्हिंग म्हणतात, अशी सहाशेच्या आसपास आहेत. तो फक्त आकडा आहे. मुलं भरली म्हणून कॉलेज त्यांचं झालं असं नाही, शिकवणारे चेहरे तेच जुने असतात. तुमच्याकडे मुली जास्त दिसतात वर्गात म्हणून खूश होऊ नका, कौन्सिलमध्ये किती आणि कुठल्या तालुक्याच्या ते बघा.

पात्रांव_पेडणे

दिवे मोजणारी आई 👏 आमच्या कॉलेजात मोजायला बसली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं तिचं.

सत्तरीची_पोर

सगळ्यांना मोठं थँक्यू, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

मास्तर सर, संस्थेवरून लिहायचं हे पक्कं. म्हणजे लॅटिना मुलींवरचा भाग तसाच राहील, त्यांचे कायदे, त्यांची फी, पुएन्ते, त्यात गोवा घुसवणार नाही. आणि दुसऱ्या भागात गोव्यातल्या कॉलेजला तेच प्रश्न: कार्यक्रमाची वेळ कोण ठरवतं, पालकांशी कुठल्या भाषेत बोलता, पहिल्या महिन्यात कुणी मुलीशी स्वतःहून बोलतं का. शंकासुर, झुआरीनगरच्या मुलींशी बोलायचंय, पण मी तिथे कुणाला ओळखत नाही आणि नुसतं प्रश्नावली घेऊन दारात उभं राहणं मला बरोबर वाटत नाही, माझ्या दारात कुणी आलं असतं तर मी पण एका शब्दात उत्तर दिलं असतं. तुमच्या ओळखीत कुणी शिक्षिका किंवा ट्यूशनवाली असली तर सांगा. "घाटी"वाला मुद्दा मी लिहिणार, आमच्या वर्गात मी तो ऐकलाय आणि गप्प बसलेय, बाकीच्यांसारखीच.

एक नाही पटलं, ते पण लिहिते. तू बाहेरची नाहीस असं तुम्ही म्हणालात. सत्तरीतसुद्धा सगळ्या मुली सारख्या नाहीत, कुणाच्या देवळात कोण कुठपर्यंत जातं ते आपल्याला माहीत आहे, आणि ते कॉलेजातल्या जेवणाच्या डब्यापर्यंत येतं. त्यावर वेगळं कधीतरी.

काकी, तुमची पोस्ट वापरू का? नाव, गाव काही नाही.

कुडचड्याची_आई

वापर गे. मराठीतच छाप पण.

शंकासुर_मडगाव

झुआरीनगरला माझ्या ओळखीची एक शिक्षिका आहे, संध्याकाळी शिकवणी घेते, तिला विचारून मेसेज करतो. पण एक अट, मुलींची मुलाखत घेण्याआधी चार संध्याकाळी तिथे बसून त्यांचं गणित घे, ते त्यांना जास्त हवंय. आणि डब्याबद्दलचं ते वेगळं कधीतरी नको, याच पेपरमध्ये घाल, गाइड काय म्हणतील ते नंतर बघू.

रिटायर्ड_मास्तर

लेखी परवानगी घे, मुली अठरा वर्षांखालच्या असतील तर पालकांची सुद्धा, आणि तो कागद त्यांना वाचता येईल अशा भाषेत हवा, इथे म्हणजे कन्नडमध्ये. उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी (शिक्षणासाठी आर्थिक मदत) योजना आणि एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचं बिनव्याजी कर्ज यांची माहितीपण सोबत ने, कुणीतरी नक्की विचारेल. मसुदा झाला की इथे टाक, व्याकरण मी बघतो.